शेजाऱ्याची गाडी आणि आपली बचत

गल्लीत शेजाऱ्याच्या गाड्या उभ्या असतात आणि त्यांचा विमा आहे की नाही, अशी शंका येते. वाद घालण्याआधी खात्री करा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते. संपलेली दिसली तर गोडीने सांगा, "दादा, विम्याची तारीख उलटलेली दिसते, बघून घ्या."

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. नसल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण खरा धोका पुढेच आहे. विमा नसलेल्या गाडीने धडक दिली, तर भरपाई मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायची. त्याच्याकडे पैसे नसतील, तर निकाल आपल्या बाजूने लागूनही हात रिकामेच.

म्हणून आपली तजवीज आपणच करावी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या खातेदाराला वर्षाला २० रुपयांत २ लाखांपर्यंत अपघात विमा मिळतो. हप्ता खात्यातूनच कापला जातो आणि मुदत ३१ मे रोजी संपते. तेव्हा मे महिन्यात खात्यात शिल्लक ठेवा आणि वारसाचे नाव नोंदवले आहे ना, हेही बँकेत विचारा.