मेरोवेक : राजा आणि दंतकथा



फ्रँक लोकांवर 751 सालापर्यंत राज्य करणाऱ्या मेरोविंजियन घराण्याला ज्याचं नाव मिळालं, तो राजा म्हणजे पाचव्या शतकातला मेरोवेक. घराणं एवढं मोठं, पण या मूळपुरुषाचं ना थडगं सापडलं आहे, ना नाणं.

त्याचा पहिला उल्लेख करतो तूर या शहराचा बिशप ग्रेगरी, सहाव्या शतकाच्या अखेरीस. मेरोवेक हा क्लोदियो राजाच्या वंशातला असं काही जण म्हणतात, आणि चिल्डेरिक हा त्याचा मुलगा. बस, एवढंच! ग्रेगरी याच घराण्याच्या राज्यात राहत होता. राजांच्या पूर्वजाला दोन पराक्रम चिकटवले असते, तर कोण हरकत घेणार होतं? त्यानं तसं केलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

पुढच्या शतकात फ्रेडेगारच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या बखरीत मात्र कथा फुलते. क्लोदियोची राणी उन्हाळ्यात भर दुपारी समुद्रात स्नानाला उतरली. तिथं बैलासारख्या एका सागरी प्राण्यानं तिला गाठलं. मग तिला झालेला मेरोवेक त्या प्राण्याचा की नवऱ्याचा, हे बखरकार उघडच ठेवतो. राजवंशाचं मूळ माणसापलीकडे नेण्याची ही ओढ आपल्या सूर्यवंश-चंद्रवंशांच्या कथा ऐकलेल्यांना नवी नाही.

451 मध्ये शाम्पेनच्या मैदानात रोमन सेनापती एशियस हूणांच्या अटिलाशी लढला, तेव्हा फ्रँक त्याच्या बाजूनं होते. त्यांचा पुढारी मेरोवेकच, असं पुढे सर्रास सांगितलं गेलं. त्या काळच्या लेखनात हे नाव नाही. प्रिस्कस या ग्रीक लेखकानं रोममध्ये एक फ्रँक राजपुत्र पाहिला होता. मिसरूड न फुटलेला, खांद्यांवर रुळणारे सोनेरी केस. एशियसनं त्याला मुलगा मानलं होतं. तो मेरोवेक असेलही, पण प्रिस्कसनं त्याचंही नाव लिहिलेलं नाही.

जमिनीतून पुरावा मिळाला तो मेरोवेकच्या मुलाचा. 1653 मध्ये, आज बेल्जियममध्ये असलेल्या तुर्ने गावी, खोदकाम करताना सुमारे 481 मध्ये वारलेल्या चिल्डेरिकची कबर लागली. तलवार, सोन्याच्या माश्या, सोन्याचं बैलाचं डोकं (इथं कुणालाही बखरीतला बैल आठवणारच!) आणि एक मुद्रेची अंगठी. तिच्यावर लांब केसांचा, भालाधारी राजा आणि लॅटिनमध्ये चिल्डेरिक राजाचं नाव. 1831 मध्ये पॅरिसमधून हा खजिना चोरीला गेला, बहुतेक सोनं वितळवलं गेलं. शिफ्ले नावाच्या अभ्यासकानं 1655 मध्येच सचित्र ग्रंथ छापला होता, म्हणून ती अंगठी आज आपल्याला माहीत आहे.

त्या अंगठीवर बापाचं नाव नाही. चिल्डेरिकला आणि त्याचा मुलगा क्लोविस याला मी इतिहासात बसवतो. मेरोवेकबाबत ग्रेगरीच्या त्या एका वाक्यापुढे जायला माझं मन धजत नाही.