छंदांची देवघेव
(वार्षिक स्नेहसंमेलनातील छंद-प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



उद्घाटकाने फीत कापावी, चार गोड शब्द बोलावेत आणि मंडळींना चहाकडे वळू द्यावे, असा प्रघात आहे. तो आज मोडीत आहोत, याबद्दल कार्यकारी मंडळाने आम्हांस क्षमा करावी. यंदा वस्तू फार थोड्या आल्या, तेव्हा पुढील वर्षापासून हे प्रदर्शन बंदच करावे, असा विचार मंडळात चालू असल्याचे आम्हांस ठाऊक आहे. त्या विचारास आमचा विरोध आहे. आणि प्रदर्शन आज आहे तसेच रेटीत राहण्यासही आमचा तितकाच विरोध आहे.

वस्तू थोड्या आल्या म्हणून आपल्या घरांतून छंदच उरले नाहीत, असे कोणी समजू नये. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा उत्तीर्ण झालेले किती जण या सभागृहात बसले आहेत, हे हात वर करावयास सांगितल्यास सहज दिसून येईल. त्यांचे प्रमाणपत्र कपाटात आहे आणि रंगपेटी माळ्यावर. ज्यांनी ती खाली काढली आहे, ते सुटीच्या दिवशी दार लोटून निसर्गचित्र रंगवितात आणि पाहुण्याची चाहूल लागताच कागद गादीखाली सारतात. ‘छे, आमचे कसले चित्र!’ या उद्गारास आपण विनय म्हणतो. आमच्या मते त्यात निम्मी तरी धास्ती आहे, आणि ती आपणच निर्माण केली आहे. प्रथम, द्वितीय, उत्तेजनार्थ अशा चिठ्ठ्या जेथे लागतात, तेथे पासष्टाव्या वर्षी कुंचला हाती धरलेल्या गृहस्थाने आपले चित्र कोणत्या धैर्याने आणावे?

शिवाय भिंतीवर टांगलेल्या पुऱ्या चित्रापासून नवशिक्यास मिळते तरी काय? जलरंगाचेच पाहा. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा लावीत नाहीत. कागदाचा पांढरेपणाच राखून ठेवावयाचा असतो. चित्रातील सर्वांत उजळ जागा ही न रंगविलेली जागा असते आणि ती कोठे राहणार, हे पहिला हात देण्यापूर्वी ठरवावे लागते. कागद पुरता ओला असता रंग सोडला तर तो मनमुराद पसरतो. ओलीची चकाकी नुकतीच मावळली असता सोडला तर त्याची कड मऊ राहते. अर्धवट सुकलेल्या थरावर मात्र पाण्याने भरलेला कुंचला टेकला, की वेड्यावाकड्या काठांचा डाग उमटतो आणि तो सहसा निघत नाही. ही घटका मिनिटांत सांगता येत नाही. श्रावणात मुंबईस कागद वाळता वाळत नाही. वैशाखात सोलापुराकडे तो पाहता पाहता सुकतो. भ्रमणध्वनीवरील चित्रफितींतून पुष्कळ शिकता येते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु कागद तिरपा धरून त्यावरची ओल आपल्या डोळ्यांनी पाहण्याची सोय तेथे नाही, आणि ‘जरा थांबा, आता नको’ असे म्हणून आपला हात धरणारेही कोणी नाही.

सावंतवाडीस जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात पाहिले असेल. हाताच्या आडोशाने दिवा सांभाळणारी ती स्त्री राजा रविवर्म्याची म्हणून पुष्कळांस सांगितली जाते, आणि चित्र तैलरंगातील असावे असाही समज होतो. ते जलरंगात आहे, आणि चित्रासाठी दिवा घेऊन उभी राहिली ती चित्रकाराची कन्या. एवढ्या अधिकाराच्या या पुरुषाने मुंबईस कलावर्ग काढून कित्येकांस शिकविले. तसेच महादेव विश्वनाथ धुरंधर. जे. जे. कलाशाळेतील दीर्घ सेवेच्या काळातही त्यांची कला घरात पोहोचली आणि कन्या अंबिकाबाई चित्रकार झाल्या. थोरांना जे लपवावेसे वाटले नाही, ते आपण हौशी मंडळींनी का लपवावे?

आता फुलांविषयी. कोकणात व गोव्यात अबोलीचा वळेसर ज्यांनी गुंफताना पाहिला असेल, त्यांस आमचे म्हणणे लगेच पटेल. अबोलीस वास नाही, पण ती टिकते. केळीच्या खोडाचा धागा ओला करून, सुईवाचून, देठाशी देठ जुळवीत वेढे द्यावयाचे. धागा ओढला गेला तर देठ तुटतो, सैल पडला तर फूल गळते. सासूच्या शेजारी बसून सुनेने हे उचलले, तेव्हा मध्ये कोणी परीक्षक नव्हता. आपल्या नियमावलीत मात्र ‘वस्तू दोन दिवस मांडून ठेवण्याजोगी असावी’ असे कलम आहे. त्या एका कलमाने वेणी, गजरा, फुलांची रांगोळी ही सारी दाराबाहेर राहिली. आपल्या घरांतील सर्वांत जुनी कला नियमाने बाद ठरावी आणि मग वस्तू येत नाहीत म्हणून आपण हळहळावे, हा न्याय आमच्या आकलनाबाहेरचा आहे.

विद्यार्थी-साहाय्य आणि वधूवर-सूचन सोडून मंडळाने या नादी का लागावे, असे काही सभासद विचारतात. त्या कामांतून एक पैसाही वळवावा, असे आमचे मागणे नाही. परंतु ज्यांच्या बोटांत ही विद्या आहे, त्या बहुतेक स्त्रिया आज ऐंशीच्या घरात आहेत. ठिपक्यांच्या रांगोळ्यांच्या वह्या रद्दीच्या तराजूत गेलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्या वह्यांतील सारे ज्यांस तोंडपाठ होते, त्यांस आता विचारावयाची सोय राहिलेली नाही.

म्हणून आमची सूचना अशी, की पुढील संमेलनात बक्षिसे व ते दोन दिवसांचे कलम दोन्ही रद्द करावीत. भिंतींऐवजी मेजे मांडावीत. करणाऱ्याने तेथे बसून दोन तास आपले काम करावे आणि ज्यास वाटेल त्याने खुर्ची ओढून शेजारी बसावे. चित्र बिघडले तर बिघडू द्यावे. ते कसे बिघडले, हे पाहण्यातही शिक्षण आहे.

जलरंगाचे मेज आम्ही सांभाळू. कागद, कुंचले आणि पाण्याची दोन भांडी, एक कुंचला धुण्यास व एक स्वच्छ पाण्याचे, आमच्याकडून येतील. वेणीच्या मेजासाठी ज्यांच्या घरी आजी, आत्या वा मावशी असतील, त्यांनी चहास जाण्यापूर्वी चिटणिसांकडे नाव द्यावे. त्यांस घरून आणण्या-पोचविण्याची व्यवस्था तरुण मंडळींनी करावी. केळीचे खोड कोठून आणावयाचे, तेवढे मात्र आजच कोणी तरी पत्करावे.