ओस घरे आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



चिटणिसांनी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविले. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. विद्वत्तेचा अधिकार मजजवळ नाही. परंतु आज ज्या विषयावर बोलणार आहे त्यात मी स्वतःच अपराधी आहे, आणि केवळ त्याच अधिकाराने आपणापुढे उभा आहे. विषय आहे आपल्या गावोगावच्या ओस पडलेल्या घरांचा.

लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी यांपैकी कोणत्याही तालुक्यातील एखाद्या जुन्या गावात सायंकाळी फेरी मारा. चार घरांत दिवा दिसतो आणि पाचव्या दाराला कुलूप दिसते. ओसरीवर वाळलेला पाचोळा साचलेला असतो. वानरांनी कवेलू फोडलेले असतात, त्यातून पावसाचे पाणी मातीच्या भिंतीत उतरते आणि सांदवाडीत पुरुषभर उंच रान माजते. ज्या ढोलीत वर्षाचे धान मावत असे तिला वाळवी लागते. दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने मुलेबाळे नागपुराहून, पुण्याहून येतात, पण उतरतात दुसऱ्याच्या घरी. आपल्या घराकडे एकदा पाहतात, हळहळतात आणि रात्रीचे नाटक पाहून सकाळच्या गाडीने परत जातात.

हा केवळ आपल्याच जिल्ह्याचा प्रश्न नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ३३ कोटी घरे व इमारती मोजल्या गेल्या, त्यांपैकी जवळजवळ अडीच कोटी रिकाम्या आढळल्या. म्हणजे दर तेरा-चौदा वास्तूंमागे एक रिकामी. एकीकडे डोक्यावर छप्पर नाही म्हणून माणसे वणवण करतात आणि दुसरीकडे छपरे माणसांवाचून कोसळतात, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

येथे आपल्या काही शेजाऱ्यांचे स्मरण केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली आणि पुढे त्या जलाशयासाठी कित्येक गावांना आपली जागा सोडावी लागली. त्या लोकांनी घर सोडले ते इच्छेने नव्हे. त्यांना परत जायचे म्हटले तरी उंबरठा उरला नाही. आपला उंबरठा मात्र शाबूत आहे, किल्ली आपल्याच खुंटीला टांगलेली आहे, आणि तरी आपण जात नाही. त्यांचे दुःख पाहिले म्हणजे आपल्या उदासीनतेची मला लाज वाटते.

घरे ओस का पडतात, असे विचारल्यावर उत्तर तयार असते: नोकरीसाठी माणसे शहरात गेली. हे खरे आहे, आणि त्यात दोषही नाही. पोटासाठी माणसाने गेलेच पाहिजे. परंतु माणसे गेल्याने घर रिकामे होते, ते पडत नाही. घर पडते ते त्याची काळजी घेणारा कोणी नेमलेला नसल्यामुळे. रिकामे होणे आणि पडणे यांतला भेद ध्यानी घ्यावा, एवढेच मला आज प्रामुख्याने सांगावयाचे आहे.

हा भेद कोहळी माणसाला दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नसावी. आपला समाज तलाव बांधणाऱ्यांचा समाज म्हणून ओळखला जातो. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला, पण १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात मोडणारा नवेगावचा बांध कोलू पाटलांनी बांधला, असे परंपरा सांगते. त्या तलावांची पाळ कोणी दुरुस्त करावी, तुडुम कोणी उघडावे, कोणाच्या बांधीत पाणी आधी जावे, हे सारे ठरलेले असे. पुढे मध्यप्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून ते तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे न्यायाचेच झाले. रयतेच्या मानेवरचे एक जोखड उतरले. पण तिच्याबरोबर देखरेखीची जुनी घडीही मोडली आणि तिच्या जागी नवी घडी लवकर बसली नाही. पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांपैकी कितीतरी गाळाने भरले, कित्येकांत बेशरमाची झुडपे माजली. तलावाला मालक होता, सरकारासारखा बलाढ्य मालक होता. नव्हता तो रोज पाळीवर फेरी मारणारा माणूस.

आणि जेथे असा माणूस पुन्हा मिळाला तेथे तलाव पुन्हा जिवंत झाला, हेही आपण पाहिले आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेच्या साहाय्याने आपल्या भागातील ढीवर बांधवांनी व भगिनींनी काही तलावांतील बेशरम उपटून काढली, पाण्यातल्या जुन्या स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या आणि देशी मासळीला आसरा मिळवून दिला. त्यांच्या नावे तलावाचा सातबारा नव्हता. त्यांनी मालकीची वाट पाहिली नाही, जबाबदारी उचलली. तलाव बांधणाऱ्यांच्या वंशजांनी तलाव राखणाऱ्यांकडून हा धडा नम्रपणे घ्यावा.

आता माझ्या अपराधाकडे वळतो. माझे वडील २००१ साली वारले. आम्ही तिघे भाऊ आणि दोघी बहिणी. गावातील घर सहा खणांचे, सागवानी खांबांचे. वाटणीचा कागद तयार झाला, त्यात विहिरीकडची सांदवाडी थोरल्या भावाच्या वाट्यास गेली आणि मी रुसलो. शाळेत मुलांना बंधुप्रेमाचे धडे शिकविणारा मी, सही करणार नाही म्हणून उठून आलो. येताना घराची किल्ली खिशात घालून आणली. दरवर्षी मृगापूर्वी गावचा गडी निरोप पाठवी, “गुरुजी, कवेलू फेरून घ्या.” मी म्हणे, आधी वाटा ठरू द्या. भाऊही तेच म्हणत. पहिल्या वर्षी दोन मजूर आणि काहीशे कवेलू पुरले असते. पंधरा वर्षे आम्ही वाटा ठरण्याची वाट पाहिली. २०१६ च्या श्रावणात मागची भिंत बसली आणि तीन खण जमीनदोस्त झाले. आईचे जाते त्याखाली गेले.

त्या वर्षी मंडईला धाकटी बहीण आली. ढिगाऱ्याभोवती एक फेरी मारून ती पुढच्या दारापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊ, किल्ली तुमच्याजवळच आहे ना? मग मी माहेरच्या अंगणातूनच परत का जाऊ?” मजजवळ उत्तर नव्हते. जिच्याकडून आम्ही हक्कसोडीची सही गृहीत धरली होती, जिला कोणी काही विचारलेही नव्हते, तिने हा प्रश्न विचारला. तिने वाटा मागितला नव्हता. दार उघडा, एवढेच तिचे म्हणणे होते.

निवृत्तीनंतर २०१८ साली मी सर्व वारसांना पत्रे लिहिली. थोरले बंधू तोवर गेले होते. भावांची मुले, बहिणी धरून आम्ही आता अकरा वारस झालो होतो. दहा जणांनी वाटणीस संमती दिली. एक पुतण्या आजतागायत अडून आहे, आणि त्याला बोल लावण्याचा अधिकार मला नाही, कारण अडून बसण्याचा वस्तुपाठ त्याने माझ्यापासूनच घेतला. परंतु त्याने एक गोष्ट मान्य केली: वाटणी होवो न होवो, घराच्या वापरास त्याची हरकत नाही. तसे त्याने लिहून दिले. त्यावर आम्ही पुढचे तीन खण दुरुस्त केले. माझे एका वर्षाचे निवृत्तिवेतन त्यात गेले. आज तेथे गावातील मुले सायंकाळी अभ्यासाला बसतात आणि दिवसा ओसरीवर बचत गटाच्या स्त्रिया तांदूळ निवडतात. मागचे तीन खण मात्र गेले ते गेलेच.

या अनुभवातून मला जे कळले ते कायद्याच्या चार गोष्टींसह आपणापुढे ठेवतो. पहिली, ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नाव असले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे. ती कर-आकारणीची नोंद आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातील घरांचे ड्रोनद्वारे मोजमाप करून मिळकत पत्रिका दिल्या जातात. मोजणीच्या वेळी जो हजर नसेल त्याने मागाहून हळहळण्यात अर्थ नाही. दुसरी, ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी तो जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले आहे. बहिणींना वगळून केलेला कागद कागदच नव्हे. तिसरी, बारा वर्षे कोणी राहिला की घर त्याचे होते, या भीतीने आपण घर कोणास देत नाही. परंतु मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याचा ताबा हा मालकाविरुद्धचा ताबा ठरत नाही. म्हणून चौथी गोष्ट, परवानगी तोंडी देऊ नये. करार लेखी व नोंदणीकृत असावा, मुदत लिहावी, आणि पावसाळ्यापूर्वी छप्पर कोणी पाहावे हेही त्यात लिहावे.

जपानसारख्या संपन्न देशातही २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. तेथील कित्येक गावांनी व नगरांनी रिकाम्या घरांच्या याद्या ठेवल्या आहेत. घर देऊ इच्छिणारा आणि घर शोधणारा यांची गाठ ती यादी घालून देते. यात अद्भुत असे काही नाही. आपणही याद्या करतोच. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी विवाहयोग्य मुलामुलींची यादी असते, गुणवंत विद्यार्थ्यांची यादी असते. माझी विनंती आहे की पुढील वर्षापासून तिसरी एक यादी असावी: आपल्या समाजातील कोणते घर कोणत्या गावी रिकामे आहे, आणि त्याचे छप्पर पाहणारा माणूस कोण. मालक कोण, हे त्यात लिहूच नये. त्यावर भांडण होईल. फक्त पाहणाऱ्याचे नाव लिहावे. ज्या घरापुढे ती जागा कोरी राहील त्या घराच्या वारसांकडे मंडळाच्या दोन वडीलधाऱ्यांनी जावे, आणि वाटणीची गोष्ट बाजूस ठेवून केवळ वापराची संमती मागावी. वाटणीला वर्षे लागतात. कवेलू फेरायला दोन दिवस पुरतात.

आणि असे घर उघडले म्हणजे ते केवळ आपल्या समाजापुरते ठेवू नये. पूर्वजांनी तलाव बांधले तेव्हा त्यांचे पाणी केवळ कोहळ्यांच्या बांधीत गेले नाही. माझ्या घरात अभ्यासाला बसणाऱ्या मुलांची जात मी विचारलेली नाही, आणि तुम्हीही विचारू नये.

बहीण आता दर मंडईला येते आणि त्याच घरात उतरते. आईचे जाते आम्ही ढिगाऱ्यातून काढले. वरची तळी फुटली आहे, खालची धड आहे. ती ओसरीच्या कोपऱ्यात ठेवली आहे. मुले तिच्यावर दप्तरे ठेवतात.

 ज्यांच्या घराची किल्ली आज खिशात असेल त्यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा गावी जाऊन यावे, एवढी प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.