आमचा लाकडी सज्जा



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. घडले तेच सांगते. पावसाने आमचा सज्जा करडा पडला. “काढून टाकू,” असे घरात ठरत होते. पण सासूबाईंची दुपार तिथेच जाते. मी फळ्यांना, खालच्या वाशांनाही दाभण टोचून पाहिले. दोनच फळ्यांत ते लोण्यासारखे शिरले. त्या ह्यांनी बदलल्या. बाकीच्या मी धुतल्या, आठवडाभर वाळू दिल्या, रेषांच्या दिशेने काचकागदाने घासल्या आणि बेलतेल, म्हणजे जवसाचे तेल, चोळून जादा पुसून घेतले. पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तो थोड्या वेळाने गरम लागला! असा बोळा आपोआप पेटतो. चिंध्या पाण्यात भिजवून बाहेर सुट्या पसराव्यात.

आता सासूबाई तिथेच बसून माझ्या चुका काढतात. एवढे बोलून पुरे करते.