दम्याची गोळी आणि घरचा काढा



शाळूची मळणी सुरू झाली की माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत दमेकऱ्यांची छाती वाजू लागते. मग सकाळी दवाखान्याची गोळी, दुपारी अडुळशाचा काढा, रात्री बाजारातल्या चूर्णाची पुडी. दोन कीटकनाशके एका पंपात घालताना आपण दहादा विचारतो. पोटात घालताना कोणी विचारत नाही.

काढ्याला मी नावे ठेवत नाही. खोकल्याचे ब्रोमहेक्सिन अडुळशातल्या द्रव्यावरूनच तयार झाले. पण ज्या वनस्पतीत गुण आहे, तिच्यात जोरही आहे.

डेरिफायलिनची गोळी घ्या. तिच्यात थिओफायलिन असते. त्याची गुण देणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत अंतर थोडे. चहातले कॅफिन त्याच्याच कुळातले. गोळीवर आठ-दहा कप चहा झाला की छातीत धडधड, हाताला कंप. पिंपळी-मिरीतल्या पायपरिनने रक्तातले थिओफायलिन वाढते, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. भाजीतल्या मिरीला भिऊ नका. रोज चमचाभर चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. विडीचे उलटे आहे. तिच्या धुराने यकृत हे औषध लवकर संपवते. विडी सोडलीच पाहिजे, पण सोडल्यावर तीच मात्रा जास्त पडते. म्हणून सांगून सोडा.

जेष्ठमध भरपूर आणि रोज घेतले तर रक्तातले पोटॅशियम उतरते. साल्ब्युटामॉल आणि स्टिरॉइडच्या गोळ्याही तेच करतात. सगळे एकत्र आले तर हातपाय गळतात, हृदयाचे ठोके बिघडतात. धोत्र्याची पाने चिलमीत ओढणे तर विषाशीच खेळ.

बियाण्याच्या पिशवीला लेबल नसेल तर आपण दुकानदाराला धारेवर धरतो. १९४० च्या औषध कायद्याच्या नियमांप्रमाणे कारखान्यातल्या आयुर्वेदिक औषधावरही घटकांची यादी छापावी लागते. बिनयादीच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात उघडकीला आले आहेत. अशा पुडीने आधी झटपट आराम पडतो. बरेच दिवस घेऊन एकाएकी बंद केली तर जिवावर बेतते.

म्हणून गावोगाव एवढे करा. गोळी, काढा, चूर्ण, सगळे एका पिशवीत घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. यादी नाही, तर पैसे नाहीत. आणि दम कोंडला तर काढा उकळत बसू नका. तोंडाने ओढायचा पंप घ्या आणि दवाखाना गाठा.