पोट आतून चिकटू नये म्हणून
(करडी, ता. मोहाडी, जि. भंडारा येथील महिला मेळाव्यातील भाषण)



ऑपरेशनला वर्ष उलटले, वरचे टाके सुकले, तरी वाकून रोवणी करताना पोटात ओढल्यासारखे दुखते, अशी तक्रार बाया करतात. घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा. दवाखान्यात सोनोग्राफी साफ येते, मग ‘मनाचे आहे’ म्हणतात. या दुखण्याचे एक खरे कारण आज समजून घेऊ.

पोटाच्या आत गुळगुळीत, ओलसर अस्तर असते. त्यामुळे आतडी, गर्भाशय, बीजनलिका एकमेकींवरून सरकतात. ऑपरेशनमध्ये हे अस्तर खरचटले, कोरडे पडले, रक्त साचले किंवा जंतू शिरले, तर जखम भरताना आत पट्टे तयार होतात आणि अवयव एकमेकांना चिकटतात. पोट उघडले की बहुतेकांच्या पोटात असे थोडेफार होतेच. पुष्कळांना त्रास होत नाही. काहींना मात्र सततचे दुखणे, मूल न राहणे, आतडे अडकणे भोगावे लागते. हे पट्टे सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. म्हणून रिपोर्ट साफ आला म्हणजे बाई खोटे बोलते, असे नव्हे.

स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोटाचे ऑपरेशन झालेल्या रुग्णांचा दहा वर्षे मागोवा घेतला गेला. तिघांपैकी सुमारे एकाला या चिकटण्यामुळे, किंवा त्यामुळे असू शकेल अशा त्रासासाठी, पुन्हा भरती व्हावे लागले होते.

हे टाळणे मुख्यतः सर्जनच्या हातात आहे. अवयव हळुवार हाताळणे, ओले ठेवणे, रक्तस्राव नीट थांबवणे, पावडर नसलेले हातमोजे वापरणे, जमेल तिथे दुर्बिणीने ऑपरेशन करणे. पावडरच्या हातमोज्यांवर अमेरिकेने २०१७ पासून बंदी घातली. घाईत एकामागून एक बाया उरकणाऱ्या शिबिरात एवढी निगा कशी राहणार? सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली नसबंदी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले, ते उगाच नाही.

आपल्या हातात काय? तेलमालिशने किंवा पट्टा बांधून हे पट्टे सुटत नाहीत. पण विनाकारण पोट उघडू न देणे आपल्या हातात आहे. बीड जिल्ह्यात २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायांपैकी १३ हजारांवर जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पिशवी काढा म्हटले, तर विचारा: दुसरा उपाय आहे का? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. आणि नसबंदी पुरुषाची झाली, तर कोणाचेच पोट उघडावे लागत नाही, हेही घरात बोला.

ऑपरेशनचा कागद जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक ऑपरेशनआधी तो दाखवा. पोटात कळा, उलट्या, पोट फुगणे, वारा आणि शौच बंद, अशी लक्षणे एकत्र दिसली तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच मोठा दवाखाना गाठा.

दुखते ते बाईलाच कळते. तिचे ऐकून घेणे, ही उपचाराची पहिली पायरी आहे. ती आपण मागून घेऊ.