मोडी कागद मोडीत घालू नका
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आज आपण जमलो आहोत. येथील पोलादाच्या भट्ट्यांत मोड वितळते आणि तिच्या नव्या सळया होतात. लोखंड मोडीत गेले तरी पुन्हा जन्म घेते. जुन्या कागदाला मात्र पुनर्जन्म नाही. म्हणून या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्ही परवानगी घेतली आहे.

सन २०२० ची महामारी आपणांस स्मरतच असेल. १७ मार्चपासून वेरूळ-अजिंठ्याची लेणी बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. लेणी दगडाची, त्यांना वाट पाहता येते. परंतु पोथ्या आणि दप्तरे जपणाऱ्या संस्थांनी काय करावे? वाचकांस येण्याची बंदी, आणि कसरीस व दमट हवेस मात्र कसलीच बंदी नाही!

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे उदाहरण पाहा. ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेने हजारो हस्तलिखिते सांभाळली आहेत. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिने १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये पूर्ण केली. एवढा धीर असलेल्या संस्थेनेही त्या काळात नवी वाट धरली. जिज्ञासूंस पुण्यास येता येईना, तेव्हा विद्याच त्यांच्या घरी निघाली. ‘भारतविद्या’ या नावाने तिचे ऑनलाईन अभ्यासक्रम सुरू झाले. वेदविद्या, महाभारताची अठरा पर्वे, पुरातत्त्व असे विषय आज जालन्यातील गृहिणीसही घरबसल्या शिकता येतात. संस्थेचे व्रत तेच राहिले. रीत तेवढी बदलली.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमचे थोरले काका मोंढ्यात दिवाणजी होते. घरातील पेटीभर मोडी कागद वाचता येणारे ते शेवटचेच. “यंदा दिवाळीच्या सुटीत बसू,” असे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत राहिलो. सन २०२१ च्या एप्रिलमध्ये काका गेले. आम्हांस अंत्यदर्शनही घडले नाही. पेटी आहे, वाचणारा नाही. अडतीस वर्षे लोकांच्या मुलांस बाराखडी शिकविली, पण घरची लिपी शिकलो नाही, ही खंत आम्हांस जाळीत असते.

तेव्हा आपणांस तीन विनंत्या आहेत. घरातील जुन्या वह्या, खरेदीखते, वंशावळी यांची मोबाईलवर स्वच्छ छायाचित्रे घ्यावी आणि ती दोन ठिकाणी ठेवावी. मूळ कागद सुती कापडात, कोरड्या जागी ठेवावे. त्यांस चिकटपट्टी लावू नये व प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करू नये. आणि वडीलधाऱ्यांचे बोलणे आजच ध्वनिमुद्रित करावे, कारण सुटी येते, पण माणूस थांबत नाही. मंडळानेही आपल्या जुन्या स्मरणिकांपासून आरंभ करावा.

आम्ही स्वतः सदुसष्टाव्या वर्षी मोडीची अक्षरे गिरवू लागलो आहोत. परवा पेटीतील एका कागदावर आजोबांचे नाव वाचता आले. पुढची ओळ अजून लागत नाही. परंतु ती लागेपर्यंत आम्ही पाटी खाली ठेवणार नाही.